सिगारेट सुटली, पण वजन वाढलं त्याचं काय?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. जसं बोलले तसंच ठेवलंय. फक्त मधले 'अं… अं…' आणि शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या काढून टाकल्यात.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, जिथे असाल तिथून ऐका. आज जरा घरातलं बोलायचंय.

दोन भागांपूर्वी मी बोलता बोलता सांगून गेले की मी सिगारेट सोडली. मला वाटलं, तुम्ही विचाराल की कशी सोडलीस. पण मेसेजमध्ये सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न वेगळाच होता. "ताई, वजन किती वाढलं?" मुलींनी विचारलं, जिमला जाणाऱ्या मुलांनी विचारलं. एकीने तर लिहिलं, "मला सोडायची आहे, पण जाड व्हायचं नाहीये. दोन्ही जमत नसेल तर राहू दे."

तिला मी हसले नाही. कारण हे वाक्य मी स्वतःशी दोन वर्षं बोलत होते.

तर आधी आकडे सांगून टाकते, म्हणजे उत्सुकता संपेल. माझी उंची पाच फूट तीन इंच. सोडायच्या आधी वजन ५६ किलो. सोडल्यावर सातव्या महिन्यात ६१.८. आज सकाळी ५९. म्हणजे हो, वाढलं. थोडं उतरलं. पूर्ण उतरलं नाही. जे लोक सांगतात की "काही वाढत नाही गं, सगळं मनाचे खेळ आहेत", त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्यांदा मी ठेवला होता, आणि त्यामुळेच फसले.

मी मूळची सांगलीची. बीटेक केलं, पुण्यात नोकरी लागली, वाकडला तिघी मिळून फ्लॅट. सिगारेट कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी लागली, प्रोजेक्टच्या रात्री जागताना. नोकरीत आल्यावर दिवसाला आठवर गेली. घरी अर्थातच कुणाला माहीत नव्हतं. आमच्याकडे मुलीने चहा जास्त प्यायला तरी "रंग काळा पडेल" म्हणतात, सिगारेटचं सांगायची काय टाप आहे?

आता एक गोष्ट कबूल करते, जी मी बरेच दिवस स्वतःपाशीही कबूल केली नव्हती. मी फक्त टेन्शनसाठी ओढत नव्हते. मी जेवण चुकवायला ओढत होते. शाळेत मी गुबगुबीत होते. 'भोपळा' म्हणायचे मला. कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांत बारीक झाले, सगळ्यांनी कौतुक केलं. कशाने बारीक झाले ते मला माहीत होतं. दुपारी दीडला भूक लागली की टपरीवर जायचं, एक चहा, एक सिगारेट, भूक गायब. चारला परत तेच. डबा संध्याकाळी रूमवर तसाच परत यायचा. तर मला वाटायचं की हे जे बारीक शरीर आहे ते माझं नाहीये, ते सिगारेटने उसनं दिलंय. ती सोडली की शाळेतला भोपळा परत येणार.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी पहिल्यांदा सोडली. कारण साधं होतं, ऑफिसच्या तीन मजल्यांचे जिने चढताना छातीत शिट्टी वाजायला लागली होती. सोडली, दोन महिने नीट टिकली. आणि जानेवारीच्या शेवटी वजन साडेतीन किलो वाढलं होतं.

फेब्रुवारीत माझ्या ताईचं लग्न. ब्लाउज आधीच शिवून झाले होते, ऑक्टोबरच्या मापाने. सांगलीला जाऊन घालून बघितला, तर मागचा हुक लागेना. आई म्हणाली, "काय गं, पुण्याचं पाणी मानवलं वाटतं!" मावशी म्हणाली, "आता हिचाही बायोडेटा करायचाय, जरा आवर." हसून म्हणाल्या हो दोघी. वाईट काही नव्हतं त्यांच्या मनात. पण मी काय सांगणार? "अगं, मी दोन महिने सिगारेट ओढली नाही, त्याचं हे वजन आहे, मला शाबासकी दे" असं म्हणता येतं का? ज्या गोष्टीसाठी कौतुक व्हायला हवं होतं, ती गोष्टच कुणाला माहीत नव्हती. दिसत होता तो फक्त परिणाम.

त्याच रविवारी रात्री पुण्यात उतरले आणि स्टँडबाहेरच पाकीट घेतलं. आठवड्यात आठवर. सोबत रात्रीचं जेवण बंद. लग्नापर्यंत एक-दीड किलो उतरलं, हुक कसाबसा लागला.

आणि मग लग्नाचा दिवस. सकाळपासून घरात पाहुणे, एक मिनिट एकटं मिळेना. डोकं गरगरायला लागलं. मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधी मी "आलेच" म्हणून कार्यालयाच्या मागे गेले, जनरेटर ठेवला होता तिथे. एक ओढली. मग तोंड धुतलं, बडीशेप खाल्ली, सेंट मारला, परत आले. तोपर्यंत अंतरपाट दूर झाला होता. अक्षता पडून गेल्या होत्या. ताईच्या मागे करवली म्हणून जिने उभं राहायचं, ती मी. त्या फोटोत माझ्या जागी आमची चुलत बहीण आहे.

फोटोंमध्ये मी बारीक दिसते. ज्या फोटोंमध्ये आहे, त्यांत.

ताईने विचारलं, कुठे होतीस. मी म्हटलं, पिन शोधत होते.

असो. तर पुढचं सव्वा वर्ष मी ओढत राहिले. पण यावेळी मी एक काम केलं, जे आपल्या कामात रोज करतो. बग आला तर आधी समजून घेतो ना, की नेमकं होतंय काय? पहिल्या वेळी मी नुसती सोडली होती, वाचलं काही नव्हतं. यावेळी वाचलं. जे वाचलं ते तुम्हाला सांगते, कारण माझी निम्मी भीती त्यानेच कमी झाली.

वजन का वाढतं? तीन कारणं आहेत.

एक, निकोटीन भूक मारतं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथल्या पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या पेशींना निकोटीन चालू करतं. पोट रिकामं, पण निरोप जातो की भरलंय. सिगारेट सुटली की हा खोटा निरोप बंद होतो आणि खरी भूक लागते.

दोन, निकोटीनमुळे शरीर थोडी जास्त ऊर्जा जाळतं, हृदयही जोरात धावतं. ओढणाऱ्यांमध्ये दिवसाचा खर्च सुमारे दहा टक्क्यांपर्यंत जास्त असल्याचं मोजलं गेलंय. सोडल्यावर इंजिन नेहमीच्या गतीला येतं. म्हणजे तुम्ही तेवढंच खाल्लं तरी थोडं शिल्लक राहणार.

तीन, हात आणि तोंड. दिवसाला आठ सिगारेटी म्हणजे शंभराच्या आसपास वेळा हात तोंडाकडे जातो. तो हात एका दिवसात थांबत नाही. त्याला सिगारेट नाही मिळाली तर तो वेफर्स शोधतो. त्यात जिभेची चव आणि नाकाचा वास काही दिवसांत परत येतो. मला आठवड्याभरात वरणाला फोडणी घातल्याचा वास खालच्या मजल्यावरून यायला लागला. सगळंच चविष्ट लागायचं, मेसची भाजीसुद्धा!

म्हणजे काय? ते बारीक शरीर माझं नव्हतं असं नाही. पण ते खोट्या निरोपावर चाललं होतं. आणि सोडल्यावर भूक लागते, ते माझं मन कमकुवत आहे म्हणून नाही. ते ठरलेलं आहे.

आता किती वाढतं? ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१२ साली ६२ अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आले होते. औषध वगैरे न घेता सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या महिन्यात सरासरी एक किलोच्या वर, तीन महिन्यांत तीन किलोंच्या आसपास आणि वर्षभरात साडेचार ते पाच किलो वाढतं. सगळ्यात जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांत. नंतर वेग कमी होतो. आणि ही सरासरी आहे बरं का. त्याच अभ्यासात वर्षअखेरीस सुमारे १६ टक्के लोकांचं वजन कमी झालं होतं, आणि सुमारे १३ टक्क्यांचं दहा किलोंपेक्षा जास्त वाढलं होतं.

हे वाचून मला राग आला आणि बरंही वाटलं. राग यासाठी की मला कुणी आधी सांगितलं नाही. बरं यासाठी की माझे साडेतीन किलो अगदी वेळापत्रकाप्रमाणे होते! मी त्याला 'सुरुवात' समजले होते, की आता असंच वाढत जाणार, भोपळा होणार. खरंतर सगळ्यात अवघड तीन महिने जवळजवळ पार झाले होते. अजून थोडं थांबले असते तर वेग आपोआप कमी झाला असता. नेमकी तिथेच मी मागे फिरले.

मग मोठा प्रश्न. वजन वाढलं तर फायदा काय उरला? हे माझ्या बाबतीत जास्त लागू, कारण आमच्या घरात मधुमेह आहे, आजीला होता, बाबांना आहे. तर २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला, अमेरिकेतल्या दीड लाखाहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांचा, वर्षानुवर्षं माग काढलेला. ज्यांचं सोडल्यावर वजन वाढलं, त्यांना पुढची काही वर्षं मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला. पाच ते सात वर्षांनी तो टोकाला जाऊन मग उतरला. हे लपवत नाही. पण मृत्यूचा धोका? तो वजन वाढलेल्यांमध्येसुद्धा, अगदी दहा किलोंपेक्षा जास्त वाढलेल्यांमध्येसुद्धा, ओढत राहिलेल्यांच्या साधारण निम्माच होता.

म्हणजे हिशेब असा. पाच किलो हा त्रास आहे, त्याकडे बघावं लागतं, पण तो त्रास सिगारेटच्या पासंगालाही पुरत नाही. आणि आणखी एक, सिगारेट बारीक ठेवते म्हणतात ना, ती पोटाला नाही ठेवत. तेवढ्याच वजनाच्या माणसांत ओढणाऱ्यांच्या पोटावर चरबी जास्त साठलेली दिसते. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असे काका आपण सगळ्यांनी पाहिलेत.

मग ही 'सिगारेट म्हणजे बारीक' कल्पना आली कुठून? थोडी शरीरशास्त्रातून, आणि बरीचशी जाहिरातीतून. १९२८ च्या सुमाराला अमेरिकेत लकी स्ट्राइकने बायकांसाठी जाहिराती केल्या, मतलब असा की गोड खाण्यापेक्षा आमची सिगारेट घ्या. मिठाईवाले भडकले होते म्हणे! मग १९६८ मध्ये व्हर्जिनिया स्लिम्स आली, खास बायकांसाठी, नावातच 'स्लिम'. म्हणजे माझ्या डोक्यातली भीती माझ्या जन्माच्या सत्तर वर्षं आधीच कुणीतरी विकायला काढली होती. मी आपली तिला माझी स्वतःची समजत होते.

बरं. आता दुसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगते. तारीख १ जुलै २०२४, सोमवार.

पहिली गोष्ट, एका वेळी एकच बदल. डेव्हलपर मंडळींना कळेल. शुक्रवारी संध्याकाळी दोन मोठे बदल एकत्र प्रॉडक्शनला पाठवले आणि सिस्टिम पडली, तर कशामुळे पडली कळतच नाही. सिगारेट सोडायची आणि त्याच सोमवारी डाएट सुरू करायचं, म्हणजे तेच. उपाशी पोटी तलफ दुप्पट वाटते. म्हणून मी ठरवलं, पहिले तीन महिने फक्त सिगारेट. पोटभर जेवायचं. वजन नंतर.

दुसरी, बजेट. सोडायच्या आदल्या रात्री फोनच्या नोट्समध्ये लिहिलं, "मला एका वर्षात पाच किलो वाढलेलं चालेल." हे लिहायला मला अर्धा तास लागला. खोटं सांगत नाही, डोळ्यात पाणी आलं. पण लिहिल्यावर काटा काही म्हणाला तरी घाबरायचं कारण उरलं नाही, कारण ते पैसे मी आधीच मंजूर केले होते. पुढे बजेट ८०० ग्रॅमने ओलांडलं. काही आभाळ कोसळलं नाही.

तिसरी, वजनकाटा रूममेटच्या कपाटात. रोज सकाळी उठून काट्यावर उभं राहायचं नाही. महिन्यातून एकदा, एक तारखेला. सोबत टेपने कंबर मोजायची. आपल्याकडे डॉक्टर बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० ही कमरेची मर्यादा सांगतात. माझी ७४ वरून ७८ झाली. मर्यादेत होते. काट्यापेक्षा टेपने मला जास्त शांत ठेवलं.

चौथी, चहा. हे मला लॉग ठेवल्यावर कळलं. पहिल्या वेळी काय झालं होतं माहितीये? सिगारेट सुटली, पण टपरीवर जाणं सुटलं नव्हतं. सगळे ओढायचे, मी एकटी काय करणार, मग मी दुसरा चहा घ्यायचे. दिवसाला तीनचे सहा चहा झाले होते. टपरीचा चहा कसा असतो, दोन चमचे साखर कुठे गेली नाही. म्हणजे नुसत्या चहातून बारा चमचे साखर! आणि मी मात्र "मी तर काहीच खात नाही" म्हणून रडत होते.

आणि चहा-कॉफीचं अजून एक आहे. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर बाहेर टाकतं. सोडल्यावर तेच कॅफिन जास्त वेळ राहतं. त्यामुळे छाती धडधडणं, झोप न येणं, हे आपण सगळं 'सिगारेट सुटल्यामुळे' समजतो, त्यातलं थोडं चहाचं असतं. झोप नाही झाली की दुसऱ्या दिवशी भूक वेड्यासारखी लागते. तेव्हा यावेळी मी चहा दोनवर आणला, तोही अर्धी साखर, आणि दुपारी चारनंतर बंद.

पाचवी, हाताला काम. माझ्या बॅगेत फुटाणे, बडीशेप, दोन लवंगा. डब्यात काकडी नाहीतर गाजर, कारण त्याला चावायला वेळ लागतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ताक. इथे आमच्या सांगलीच्या भडंगाबद्दल एक बोलते. चुरमुरे हलके असतात म्हणून आपण समजतो की भडंग म्हणजे हवा. त्यातलं तेल, शेंगदाणे कोण मोजणार? आईने पाठवलेला किलोचा डबा मी पहिल्या वेळी चार दिवसांत संपवला होता! भडंग खाऊ नका असं मी म्हणणार नाही, सांगलीत परत घेणार नाहीत मला. वाटीत काढून घ्या. डबा मांडीवर घेऊन बसू नका.

सहावी, दहा मिनिटं. तलफ येते तेव्हा वाटतं ती आता अशीच वाढत जाणार. तसं नसतं, ती येते आणि काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ भरभर चालायचं. टपरीच्या उलट्या दिशेला, पार्किंगला एक फेरी. चालल्याने तलफ खरंच कमी होते, त्यावर अभ्यास झालेत. शिवाय तेवढ्याच कॅलरीज गेल्या. माझा टीम लीड विचारायचा, "तू दिवसातून चार वेळा पार्किंगला काय करतेस?" मी म्हणायचे, गाडी आहे का बघून येते.

सातवी, मदत. मी पहिल्या वेळी कुणाचीच घेतली नव्हती. दुसऱ्या वेळी डॉक्टरांना भेटून दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम घेतला. दोन मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवायही मिळतो, पण वापरायचा कसा ते विचारून घ्या. तो च्युइंगमसारखा चघळायचा नसतो. हळू चावायचा, जिभेला तिखटसर झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायचा, गेली की परत. नाहीतर नुसती उचकी लागते. गममुळे सोडणं टिकायची शक्यता वाढते आणि वाढणारं वजन थोडं लांबणीवर पडतं. लांबणीवर म्हणतेय, रद्द नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत तेवढी उसंतही पुष्कळ असते. आणि हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावर, त्या भयंकर फोटोसोबत छापलेला असतो तो नंबर. फुकट आहे. इतकी वर्षं पाकीट हातात धरलं, नंबर कधी वाचला नव्हता.

एक सूचना. तुम्हाला मधुमेह असेल, दिवस गेले असतील, मानसिक आजाराची औषधं चालू असतील, किंवा खाण्याशी आधीपासूनच भांडण असेल, उपाशी राहणं, खाऊन उलटी काढणं असं काही, तर आधी डॉक्टरांशी बोला. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. आणि 'व्हेप घे, वजन वाढत नाही' असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. एक तर आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. दुसरं, त्यात निकोटीनच असतं. तो खोटा निरोप तसाच चालू राहतो.

तर हे सगळं करूनही, जानेवारी २०२५ संपता संपता काटा ६१.८. आणि मार्चमध्ये चुलत बहिणीचं लग्न! हो, तीच, फोटोत माझ्या जागी उभी राहिलेली.

घरी गेले. तोच ब्लाउज, तीच साडी. हुक दोन इंच लांब. आई बघत होती. म्हणाली, "काय गं, काय चाललंय काय तुझं? मध्येच बारीक होतेस, मध्येच फुगतेस. थायरॉईड आहे का?"

तेव्हा मी सांगितलं. ठरवून नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "आई, मी सिगारेट ओढायचे. आता सात महिने झाले सोडून. म्हणून वाढलंय."

आई काहीच बोलली नाही. शिवणयंत्रावरचं कापड नीट केलं, परत नीट केलं. मग म्हणाली, "कधीपासून?" मी म्हटलं, कॉलेजपासून. ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. हे मी गोड करून सांगणार नाही, ते दोन दिवस फार वाईट होते. मला वाटलं, पहिल्या वेळेसारखी 'पिन शोधत होते' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनवर बसली होती आणि माझा ब्लाउज उसवत होती. मला म्हणाली, "इकडे ये, माप दे." मग आतली शिवण दाखवली. म्हणाली, "ही बघ, दोन्ही बाजूंना इंच-इंच माया सोडलीये. माया कशाला सोडतात? अंग कमी-जास्त होतंच. तेव्हा सांगितलं असतंस तर तेव्हाच उसवून दिला असता."

शिवणातल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय. त्या दिवशी नीट ऐकला.

म्हणजे विचार करा, २०२३ मध्येही त्या ब्लाउजमध्ये दोन इंच जागा होती. उसवायला अर्धा तास लागला असता. मी त्याऐवजी परत सिगारेट धरली आणि ताईच्या अक्षता चुकवल्या.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आता ओढत नाहीस ना?" म्हटलं, नाही. "बाबांना सांगू नकोस." बरं. संपला विषय. पण त्या महिन्यात पुण्याला डबा आला, त्यात भडंग अर्धा किलो होता आणि फुटाणे एक किलो. चिठ्ठी वगैरे काही नाही. आमच्याकडे शाबासकी अशीच येते.

त्या लग्नात मी सगळ्या मंगलाष्टका उभी राहून ऐकल्या. फोटोत दंड जाड दिसतात. आहे मी फोटोत.

नंतरचं थोडक्यात. एप्रिलपासून, म्हणजे सिगारेट नक्की सुटली अशी खात्री झाल्यावर, वजनाकडे वळले. आठवड्यातून तीन दिवस डंबेल्स घेऊन व्यायाम, रात्रीच्या जेवणात भात कमी, उसळ जास्त. आठ महिन्यांत ५९ वर आले. आपल्याकडच्या मापाने बीएमआय २३ ला जाड म्हणायला सुरुवात होते, मी बरोबर त्या रेषेवर आहे. ५६ होईन का? माहीत नाही. बायोडेटात आईने ५६ चे ५९ केलेत, स्वतःच्या हाताने. मावशी म्हणाली, राहू दे की तेच. आई म्हणाली, खरं ते लिहावं. मला हसू आलं, पण काही बोलले नाही.

तर ज्या मुलीने लिहिलं होतं ना, "दोन्ही जमत नसेल तर राहू दे", तिला माझं उत्तर. अगं, दोन्ही जमतं. एकाच सोमवारी जमत नाही. आधी सिगारेट सोड. पोटभर जेव. पाच किलो स्वतःला आधीच मंजूर करून ठेव. आणि निदान एका माणसाला खरं कारण सांग, म्हणजे कुणी "जाड झालीस" म्हणालं, की त्या खोलीत एक तरी माणूस असेल ज्याला माहीत आहे की तू काय सोडलंयस.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी कधी ओढली नाही, त्यांच्यासाठीही एक. पुढच्या वेळी कुणाचं वजन वाढलेलं दिसलं, की 'पुण्याचं पाणी मानवलं वाटतं' म्हणायच्या आधी जरा थांबा. तो माणूस कशातून बाहेर येतोय, तुम्हाला माहीत नसतं.

चला. चार वाजलेत, माझी पार्किंगची फेरी राहिलीये. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि भडंग वाटीतूनच खा. बाय!